पालथी पाटी

अण्णा,

आज तुम्हाला भिंतीवर टांगलं. लोकल बोर्डाच्या सभागृहात, आत शिरल्यावर उजव्या हाताला, घड्याळाच्या शेजारी. घड्याळ बंद आहे, तुम्हीही आहात, तेव्हा सोबत बरी जमेल. तसबीर मोठी करून घेतली आहे. मुंबईच्या फोटोवाल्याने पगडीला रंग भरला तसा गालांनाही थोडा भरला, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच तुम्ही पोटभर जेवल्यासारखे दिसता. हे मी परवा जाऊन बघून आले होते म्हणून सांगते. आज समारंभाला मी नव्हते. पत्रिकेवर माझं नाव छापलेलं होतं, 'कन्येचे मनोगत', स्वागतगीत आणि अध्यक्षीय भाषण यांच्या मध्ये. नाव पुकारलं असेल, कुणी उठलं नसेल, आणि अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला असेल. हे तुम्हाला कुठेतरी घडून गेल्यासारखं वाटेल. म्हणूनच लिहायला बसले आहे.

तुम्ही गेल्याला वीसच्या वर पावसाळे झाले. एवढ्या काळात तुमचं नाव कुणी काढलं नाही, आणि मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. आता काढलं, तर नाव काढणारे कसे असतात तेही बघायला मिळालं. समितीचे चिटणीस मला बोलवायला आपल्या घरी आले होते. तरुण गृहस्थ, खादीचे आणि इस्त्रीचे. ओटीवर चहा घेतला आणि म्हणाले, "बाई, भाषणात त्याग हा शब्द यायला हवा. आम्ही तसबिरीखालच्या पाटीवरही तोच घेतलाय."

"कशाचा त्याग?" मी विचारलं.

"असं काय करता? मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात त्यांचं स्वतःचं बिल यायचं होतं. गावच्या बांधासाठी त्यांनी त्यावर पाणी सोडलं. आजच्या पोरांना हे कळायला नको का?"

मी म्हटलं, कळायला हवं. पाणी तुम्ही सोडलं नव्हतं, ते आधीच आत आलं होतं, हे मात्र म्हटलं नाही. शाळेत मुलींना संस्कृत शिकवता शिकवता एक सवय लागली आहे: अन्वय लागेपर्यंत गप्प बसायचं. तुमच्या त्या दिवसाचा अन्वय लावायला मला निम्मं आयुष्य लागलं.

चिटणीस मूळचे घाटावरचे. खारबांध म्हणजे त्यांना रस्त्याकडेचा कट्टा वाटत होता. त्यांना जे समजावलं तेच तुमच्यापुढे म्हणून दाखवते, चुकलं तर कान धरा. आपली भातजमीन भरतीच्या पाण्याहून खाली, आणि खाडी व भात यांच्यामध्ये फक्त मातीचा बांध. बांधाला एक उघाडी, म्हणजे लाकडी दार. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी त्यातून बाहेर जातं, भरतीला दार आपोआप मिटतं. उधाणाने बांध फुटला की त्या फुटीला म्हणायचं खांड. खांडीतून खारं पाणी आत शिरून मुरलं की पुढचे दोन-तीन पावसाळे त्या शेतात भात धरत नाही. म्हणून हाळी आली की घरटी एक माणूस निघालं पाहिजे, आणि पुढची भरती चढायच्या आत खांड बुजली पाहिजे. बांधावर रांग लागते आणि चिखलाचं ढेकूळ हातोहात पुढे जातं. ज्या घरचं माणूस आलं नाही त्या घरची पाटी, म्हणजे चिखल वाहायची टोपली, रांगेत त्याच्या जागी पालथी घालतात. दंड नाही, शिवी नाही. पाटी पुढच्या उधाणापर्यंत तशीच राहते आणि येणारा-जाणारा ती बघतो. इतका मोजक्या शब्दांचा आणि इतका चावरा कायदा तुमच्या कौन्सिलाने एकही केला नसेल.

आपल्यासारखी मालकांची घरं पूर्वी गडी पाठवत. ते बंद केलं तुम्ही. देवळात गाव जमलेलं, तुम्ही खांबाला टेकून उभे, आणि म्हणता आहात, "शेत ज्याचं, चिखल त्याचा. मालकाने यायचं, नाहीतर त्याच्या मुलाने. गडी चालणार नाही." गाव खूश झालं, बाकीचे मालक घुम्यासारखे बसून राहिले. तेव्हापासून आपला दादा दर उधाणाला पाटी घेऊन जाऊ लागला. तुम्ही स्वतः एकदाही गेला नव्हतात. नियम करणारा आणि नियम पाळणारा एकाच घरात असले की न्याय स्वस्तात पडतो, असं मी तेव्हा म्हटलं होतं. तुम्ही पेपर खाली करून माझ्याकडे बघितलंत आणि आईला म्हणालात, "हिला व्याकरण शिकवलं ते चुकलंच."

पुढे त्याच नियमाचं तुम्ही बिल केलंत. साऱ्या खारपट्टीत बांध राखायचं ओझं कुळांबरोबर मालकांनीही उचलावं, एवढीच त्यातली गोष्ट. ती मांडायला तुम्हाला किती वर्षं उंबरे झिजवावे लागले ते मी पाहिलं आहे. पुण्याला पावसाळी बैठक, मुंबईला दुसरी. परत आलात की पायांना गरम पाणी मागायचात आणि ते थंड होईपर्यंत बोलायचा नाहीत. एकदा एवढंच म्हणालात, "हो म्हणणारे आणि नाही म्हणणारे एकाच गाडीने घरी जातात. डबाही एकच, चिवडाही एकच."

तरी जायच्या आधीची एक गंमत होती. कौन्सिलातलं प्रत्येक भाषण तुम्ही आधी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात म्हणून बघत असा. तिकडे इंग्रजीत करायचं, पण इथे मराठीत. एक हात चौकटीवर, दुसरा पाठीमागे, आणि सुरुवात 'अध्यक्षमहाराज' अशी. अध्यक्षमहाराज चुलीपुढे बसून तांदूळ निवडत असायच्या. मान वर करायच्या नाहीत. भाषण लांबलं की आई फोडणी टाकायची, आणि तो चर्र आवाज झाला की वेळ संपली असं समजायचं. तुम्ही कुरकुरायचात, "अजून मुख्य मुद्दा राहिलाय." आई म्हणायची, "तिकडे घंटा देतात ना? मला मेलीला घंटा कुठली. मोहरी आहे." मुख्य मुद्दा मग जेवताना यायचा. ज्या भाषणाला फोडणी लवकर बसली ते तिकडेही पडायचं, ही तुमचीच नोंद.

मग मिठाच्या चळवळीचं वर्ष आलं. दादाने किनाऱ्यावर मीठ उचललं आणि तो तुरुंगात गेला. चळवळीतल्या लोकांनी कौन्सिलातल्या जागा सोडल्या. तुम्ही सोडली नाहीत, कारण बिल आता कुठे दाराशी आलं होतं. एका अंगाने लोक तुम्हाला सरकारचा जावई म्हणू लागले, दुसऱ्या अंगाने मालकमंडळी कुळांचा भट. तुम्ही आईच्या हातचे लाडू घेऊन दादाला भेटायला गेलात. संध्याकाळी डबा जसाच्या तसा परत आला. त्याने आतून निरोप दिला होता, कौन्सिलवाल्यांनी भेटीला येऊ नये. डबा तुम्ही फडताळात ठेवलात आणि ते लाडू नंतर कुणीच खाल्ले नाहीत. आईने ते कुठे टाकले मला माहीत नाही. त्यानंतरच्या आठवड्यात बिलाचा दिवस होता. त्या आठवड्यात तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आला नाहीत. आईने दोनदा वाट बघून फोडणी केली. मला ते दिसलं, पण दिसणं वेगळं आणि कळणं वेगळं.

बिलाचा आदला दिवस. श्रावणातली अमावास्या नुकती झाली आहे. उधाण मोठं आहे. तुम्हाला दुपारी निघायचं आहे: खाडी ओलांडून पलीकडे मोटार, पुढे खोपोलीचा घाट, मुक्कामाला पुणं, आणि सकाळी तुमचं नाव पुकारणार. ओटीवर ट्रंक बांधून तयार, ट्रंकेवर कोट, कोटावर पगडी. आणि खालून हाळी येते, "खांड गेली! पानी आत शिरलं! घरटी मानूस निगा!"

आईने आधी ट्रंकेकडे बघितलं आणि मग खुंटीवरच्या पाटीकडे. दादा तुरुंगात. घरात पुरुषमाणूस एकच, आणि गड्याला तुम्हीच बंदी केलेली.

मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही निघा. मी जाते बांधावर."

"तुला नाही जमायचं."

"न जमायला काय झालं? ज्यांचे नवरे मचव्यावर समुद्रात गेलेत त्या बायका उभ्या राहतातच की."

"नियमात मालक आहे, नाहीतर मुलगा."

"नियम तुमचाच आहे."

"म्हणून तर." तुम्ही धोतर सोडून पंचा नेसू लागला होतात.

"आणि पुण्याचं काय?" आईने विचारलं.

"पुणं कुठे बुडतंय?" तुम्ही म्हणालात, आणि पाटी घेऊन पायऱ्या उतरलात. पगडी ट्रंकेवर तशीच बसून राहिली, प्रवासाला निघालेल्या पाहुण्यासारखी.

मी मागोमाग आले होते, हे तुम्हाला माहीत होतं का? उघाडीच्या अलीकडे उभी राहून बघत होते. आपल्या शेताला लागून ज्यांचं शेत त्या घरची सून रांगेत तुमच्या शेजारी उभी होती, गुडघ्याच्या वर चिखलात, पदर कमरेला खोचलेला. नवरा तिचा मचव्यावर. तुम्हाला बघून ती मोठ्याने म्हणाली, "वकीलसाहेब आज बांदावर? मंग पुन्याला कोन? आमचा बैल पाठवू का?"

तुम्ही म्हणालात, "पाठव गो. मान हलवता आली म्हणजे झालं. तिथं तेवढंच लागतं."

सगळी रांग हसली. मग ढेकळं येऊ लागली आणि तुमची तारांबळ उडाली. घेतलेलं ढेकूळ पुढे द्यायचं तुमच्या लक्षातच राहीना. छातीशी धरून उभे राहायचात, वकिलाने कागद धरावा तसे. ती बाई ओरडायची, "सोडा वो! फुडं द्या! तुमचं न्हाय ते, बांदाचं हाय!" शेवटी हाताला ताल यावा म्हणून तुम्ही तोंडाने काहीतरी म्हणू लागलात. मला वाटलं स्तोत्र. नीट ऐकलं तर 'देवः देवौ देवाः'. मला ओटीवर बसवून पाठ करून घेतलेली पहिली रूपं. देवः म्हणताना घ्यायचं, देवौ म्हणताना दोघांच्या हातात असायचं, देवाः म्हणताना ते बांधाचं झालेलं. लोकांना वाटलं वकिलाने समुद्राला मंत्र घातला. सगळे ते म्हणू लागले, आपापल्या परीने. आणि तुम्ही हसत होतात, अण्णा. चिखल दाढीत, पंचा सुटायला आलेला, आणि तुम्ही तोंड उघडं टाकून हसत होतात. खांड भरतीच्या आत बुजली. त्या वर्षी आपल्या बाजूचं भात वाचलं. आपली पाटी सुलटीच घरी आली.

बिलाचं दोन ओळींत वर्तमानपत्रात आलं. नाव पुकारलं, मांडणारा हजर नाही, विषय गळला. मतं पडून हरलं असतं तर निदान पराभव म्हणता आला असता. हे म्हणजे वाक्यातला कर्ताच नाही, तेव्हा क्रियापदाला दोष कसा द्यायचा? पेणेकडच्या एका मालकाने पेढे वाटले म्हणे. पुढच्या खेपेला तुम्ही उभेच राहिला नाहीत. कोर्टात जायचात, यायचात, पायाला गरम पाणी घ्यायचात. स्वराज्य आल्यावर बांधांचा कायदा झाला, तोही दुसऱ्या कुणाच्या तोंडून आणि तुमच्या आठवणीशिवाय. मधल्या वर्षांत खारपट्टीतल्या कितीतरी शेतांत नुसती तिवरं माजली. कायदा आला म्हणून भरती यायची थांबली नाही, पण मालकांना हाळी ऐकू येऊ लागली, एवढं खरं. ती त्यांना आधी ऐकू आली असती, हे तुम्हाला माहीत होतं आणि मलाही.

दादा सुटून आला तेव्हा गावाने वेशीवरच त्याला सगळं सांगितलं होतं. घरात शिरला तो थेट तुमच्या पायांवर वाकला. जन्मात पहिल्यांदा. म्हणाला, "अण्णा, मी तुम्हाला ओळखलं नाही. तुम्ही बिल सोडून बांध धरलात." आई डोळे पुसत होती. आणि तुम्ही काय केलंत? पाय आखडून घेतलेत. झोपाळ्यावर मांडी घालून बसलात आणि म्हणालात, "आधी आंघोळ कर." मला वाटलं विनय. दादाला तो त्याग वाटला तो आजपर्यंत. तो आता मुंबईत बऱ्यापैकी वजन राखून आहे, आणि समितीला ही कथा पुरवणाराही तोच.

मी मात्र विनय म्हणून सोडलं ते तेवढ्यापुरतंच. मनात राग धरला आणि तो चांगला मुरवला, लिंबाच्या लोणच्यासारखा. मला वाटे, ज्याने चारचौघांशी भांडून मुलीला संस्कृत शिकवलं त्याला मुलगी चिखलात उभी राहिलेली चालली नाही. मला उभं केलं असतं तर तुम्ही पुण्याला पोचला असता, बिल मांडलं गेलं असतं. माझ्यावर भरवसा टाकण्यापेक्षा तुम्ही आयुष्याचं काम बुडवलंत. तुम्ही आजारी पडलात तेव्हा हे विचारायचं होतं. मी औषध दिलं आणि उशी सारखी केली.

आता आजचं. दादा मुंबईला, आई गेली, घरात मी. बाईचं घर म्हणून गावाने मला सूट दिली आहे: आमच्या घरचा गडी चालतो. इतकी वर्षं गडीच जातो, आणि मी शाळेत मुलींना रूपं म्हणायला लावते. भाषणासाठी कागद घेऊन बसायला लागून बरेच दिवस झाले होते. वर 'अध्यक्षमहाराज' लिहिलं. खाली त्याग लिहायचा तर तुमचा तो हसरा चेहरा आड येई. हट्ट लिहावा तर समारंभ कुणाचा? रोज संध्याकाळी बसायचं आणि दिवा लावायची वेळ झाली की उठायचं. आज सकाळीही तसंच. नऊवारी नेसून, चष्मा पुसून, त्याच कागदापुढे. न्यायला गाडी येणार होती.

आणि खालून हाळी आली.

गडी अंगणात होता. पाटी त्याने घेतलीसुद्धा होती. मी उतरले आणि त्याच्या हातातून पाटी काढून घेतली. तो म्हणाला, "बाय, तुमची मोटार येल ना?" मी म्हटलं, "आली तर सांग, बांधावर गेल्या."

रांगेत तीच शेजारीण होती. आता तिचे केस पांढरे, सुना-नातवंडं घरात, पण जागा सोडलेली नाही. मला बघून कमरेवर हात ठेवले. "मास्तरीनबाय! आज काय साळंला सुट्टी?"

"सरक जरा. जागा दे."

"पदर खोच आदी. पडशील न् आमालाच काढाया लागल." मग ढेकूळ माझ्या हातात आपटत म्हणाली, "आगो सोड, फुडं दे! बापूस पन असाच धरून बसायचा."

आणि रांग म्हणत होती, 'देवा देवो देवा'. द्विवचन पार बुडालेलं, विसर्ग खाडीत गेलेला. वर्गात असती तर एकेकीला उभं केलं असतं. इथे मी तसंच म्हणू लागले, चुकीचंच. थोड्या वेळाने ती म्हणाली, "त्या दिशी तुजा बापूस किती हासला गो. मी माज्या नवऱ्याला सांगितलंवतं, वकील साळंतून पलालेल्या पोरावानी हासतो."

माझ्या हातातलं ढेकूळ हातातच राहिलं. तिने ते ओढून घेतलं आणि पुढे दिलं.

खांड बुजली. घरी येऊन आंघोळ केली, कमरेला शेक घेतला. या वयात चिखल उपसायचा नसतो, हे कंबर आता आठ दिवस सांगत राहील. कागद टेबलावर तसाच होता. त्याच्याच पाठीवर हे लिहिते आहे. फाडवत नाही आणि टाकायला पत्ता नाही, तेव्हा राहील तुमच्या ट्रंकेत, पगडीखाली.

खरं सांगते, अण्णा. सूट होती, गडी होता, बांधाला माझी गरज नव्हती. हाळी ऐकली आणि मला इतकं हलकं वाटलं की पायऱ्या उतरताना मी जवळजवळ पळाले. तुमच्यापुढेही त्या दिवशी वाट होती. मीच ती होते, ओटीवर उभी. तुम्ही माझ्यावर भरवसा टाकला नाहीत असं नाही. मला वाटतं, तुम्हाला मी जमवीन याचीच भीती वाटली असावी. तुमचं भाषण तयार होतं का हो?

उत्तर देऊ नका. भात वाचलं, बिल गेलं, आणि दमलेल्या माणसाने एक दुपार हसून काढली. यातलं कुठलं खोडायचं ते मला ठरवता येत नाही, आणि आज तर पेनही जड झालं आहे.

उद्या चिटणीस येतील, का आला नाहीत विचारायला. मी सांगेन, बांध फुटला होता. त्यांचा चेहरा उजळेल. म्हणतील, "बाई, त्याग तुमच्या रक्तातच आहे," आणि तरुण आहेत, वाकतीलही. मी नाही म्हणणार नाही. फक्त पाय आखडून घेईन.